रणातली मावशी

गेल्या महिन्यात या सदरातून आपण विश्वामित्रीतल्या मगरींची विचारपूस केली. तो लेख वाचून रावपुऱ्यातील एका वाचक भगिनींनी लिहिले आहे, "मोठ्या जनावरांविषयी आपण लिहिता ते ठीकच, पण आमच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याभोवती घोटाळणाऱ्या मांजराचे मूळ गाव कोणते, तेही एकदा सांगावे." प्रश्न अगदी घरगुती आहे; परंतु त्याच्या उत्तराचा माग काढू लागले, की तो आपल्याला बडोद्याच्या वेशीबाहेर, अमदावाद आणि विरमगाम ओलांडून थेट कच्छच्या रणात नेऊन सोडतो. म्हणून या खेपेस रणमांजराची ओळख करून घेऊ.

मांजर ही वाघाची मावशी, हे आपल्याला आजीने सांगितलेले असते. मावशीने भाच्याला सगळ्या विद्या शिकविल्या, झाडावर चढण्याची तेवढी राखून ठेवली आणि त्यामुळेच ती वाचली, ही गोष्ट ऐकत आपल्या किती पिढ्या झोपी गेल्या असतील! प्राणिशास्त्राला मात्र हे नाते इतके जवळचे वाटत नाही. वाघ, सिंह आणि बिबट्या यांची शाखा इतर मार्जारांपासून सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. आपल्या मनीची खरी मावशी शोधायची असेल तर वाघाच्या दारी न जाता रणाच्या दारी गेले पाहिजे.

आमच्यावर ती वेळ आली दोन वर्षांपूर्वीच्या पौषात. अमदावादेस नोकरी करणाऱ्या भाच्याने आग्रहच धरला, "मामी, बडोद्यात इतकी वर्षे काढलीत आणि घुडखर पाहिले नाही?" तेव्हा त्याच्याच गाडीतून विरमगाम आणि पाटडीमार्गे आम्ही दसाड्यास पोहोचलो. येथूनच कच्छचे छोटे रण सुरू होते. रानगाढवांसाठी, म्हणजे घुडखरांसाठी, १९७३ साली येथे अभयारण्य स्थापन झाले. त्याचा विस्तार सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर आहे. पावसाळ्यात नद्यांचे आणि समुद्राचे पाणी या सपाटीवर पसरते आणि ती उथळ सरोवरासारखी दिसते. पाणी ओसरले की उरते ती तडे गेलेली खारट माती, अगरियांचे मिठागर आणि मधूनमधून थोडे उंच असे झुडपांचे उंचवटे. तेथील लोक या उंचवट्यांना 'बेट' म्हणतात. पावसाळ्यात ती खरोखरच बेटे होतात आणि उरलेल्या वर्षभरातही रणातल्या प्राण्यांना गवत, सावली आणि बिळांसाठी सुकी माती तेथेच मिळते.

दिवस कलेपर्यंत आम्ही घुडखरांचे कळप पाहिले, करकोचे पाहिले. परतीच्या वाटेवर उजेड मावळू लागला असता जीप हाकणारा स्थानिक तरुण एकदम थांबला आणि कुजबुजला, "पेली जुओ, रणबिलाडी!" आम्हाला काहीच दिसेना. पीलूच्या झुडपाखाली मातीच्या रंगाचेच काहीतरी होते. ते हलले तेव्हा कळले, की त्याला दोन डोळे आहेत आणि ते आमच्याकडेच पाहत आहेत. आकाराने घरच्या मांजराएवढे; अंग फिकट पिवळसर, वाळूसारखे; त्यावर काळे छोटे ठिपके, जणू कोणी ओल्या बोटांनी काजळ टिपले असावे. क्षणभर पाहून ते शांतपणे वळले आणि गवतात नाहीसे झाले. भाच्याला छायाचित्र घ्यायलाही सवड मिळाली नाही. तो हिरमुसला आणि म्हणाला, "हे तर साधे मांजर दिसते, मामी." त्याचे हे वाक्य माझ्या मनात राहिले, कारण या प्राण्याचे सारे दैव त्या एका समजुतीत अडकले आहे.

हे 'साधे मांजर' वेगळे कसे ओळखावे, ते आधी सांगते. आपल्या मराठीत रानमांजर किंवा बाऊल म्हणतात ते मांजर निराळे. बाऊल मोठा, लांब पायांचा आणि आखूड शेपटीचा असतो. अंगावर ठिपके जवळजवळ नसतातच. आणि त्याला उसाचे मळे, पाणथळ जागा व नदीकाठची लव्हाळी आवडतात. बडोद्याच्या आसपासच्या शेतांत दिसतो तो बहुधा हाच. रणमांजराची शेपटी लांब आणि टोकाकडे निमुळती, तिच्यावर काळी वलये आणि टोक काळेभोर. गालांवर दोन गडद रेषा, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूस काळे पट्टे, कानांच्या टोकांवर केसांचा अगदी बारीक झुबका, आणि तळवे काळे. वजन तीन-चार किलोंच्या आसपास. १८३०च्या सुमारास जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने भारतातल्या या मांजराला शास्त्रीय नाव दिले, त्यात 'ऑर्नाटा' हा शब्द योजला. त्याचा अर्थ 'अलंकृता'. ठिपक्यांचा साज पाहिला की ते नाव यथार्थ वाटते.

शब्दांची एक गंमत येथे सांगण्याजोगी आहे. आपले 'रान' अरण्यापासून आले आणि गुजरातीतले 'रण', असे मानतात, 'इरिण' या संस्कृत शब्दापासून. इरिण म्हणजे खारी, नापीक भूमी. रानमांजर आणि रणमांजर या दोन नावांत एका कान्याचे आणि 'न'-'ण'चेच अंतर. पण एक लव्हाळ्यातले आणि दुसरे खाऱ्या भुईवरले.

वाळवंटातले मांजर म्हटले की वाळूच्या टेकड्यांवर चालणारे मांजर डोळ्यांपुढे येते. तसे एक आहेही. अल्जीरियाच्या सहारात सापडलेल्या आणि १८५८ साली प्रथम वर्णिलेल्या त्या मांजराच्या तळव्यांवर दाट केस असतात, म्हणून तापल्या वाळूचे चटके त्याला बसत नाहीत. आपले रणमांजर त्या जातीचे नव्हे. खोल, फिरती वाळू ते टाळते. त्याला झुडपांचा आडोसा, कठीण जमीन आणि बिळे लागतात. राजस्थानचा कोरडा मुलूख, कच्छ आणि त्याला लागून असलेली रणे ही भारतातली त्याची मुख्य वस्ती. मध्य भारतातही काही ठिकाणी ते आढळले आहे. पश्चिमेकडे पाकिस्तान, इराण आणि उत्तरेस मध्य आशियापर्यंत त्याचे भाऊबंद पसरले आहेत.

दिवसा ते खोकडाने किंवा साळिंदराने खणून सोडलेल्या बिळात, नाहीतर काटेरी झुडपाच्या मुळाशी पडून असते. दुसऱ्याच्या तयार घरात बिऱ्हाड थाटण्याची मार्जारकुळाची सवय येथेही दिसते. सांज झाली की ते बाहेर पडते. बिळाच्या तोंडाशी अंग चोरून बसावे, कान पुढे करावे आणि वाट पाहावी, हीच त्याची शिकारीची रीत. आपल्या मनीला कोठीघरातल्या पोत्यांपुढे तासन् तास निश्चल बसलेली पाहिली असेल, तर रणमांजराची शिकार तुम्ही अर्धी पाहिलीच आहे. रणातले उंदीर हे त्याचे मुख्य अन्न. त्यांच्या सोबतीस लहान पक्षी, सरडे, साप, नाकतोडे आणि क्वचित सशाचे पिलूही. उंदरांची संख्या आवरणारा हा पहारेकरी आहे. रणालगतच्या जिऱ्याच्या आणि बाजरीच्या शेतांना त्याचा लाभ फुकट मिळतो.

पाण्याचे काय? जेथे मैलोगणती गोडे पाणी नाही, तेथे हा जीव जगतो कसा? उत्तर त्याच्या भक्ष्यात आहे. उंदराच्या आणि पक्ष्याच्या शरीरात जे पाणी असते, त्यावरच त्याची बव्हंशी तहान भागते; आणि मूत्रपिंडे अशी, की मिळालेल्या पाण्याचा थेंबही वाया जाऊ देत नाहीत. हाच वारसा आपल्या घरातल्या मांजराकडे आला आहे. वाटीभर पाणी ठेवले तरी मांजर त्याला क्वचितच तोंड लावते, अशी तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. त्यात त्याचा दोष नाही. त्याचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. म्हणूनच केवळ कोरडे खाद्य घालून मांजर पाळणाऱ्यांनी त्याच्या अन्नात ओलावा राहील एवढे पाहावे. नाहीतर उतारवयात मूत्राचे विकार जडतात.

मादी एकटीच पिले वाढवते. सुमारे दोन महिन्यांच्या गर्भकाळानंतर बिळात दोन ते चार पिले होतात. धोका वाटला की ती एकेकाला मानेला धरून दुसरीकडे नेते. मांजर पिलांना सात घरे दाखवते, असे आपण म्हणतो. रणमांजरीला सात घरे कोठली? पण सात बिळे तीही दाखवत असेल.

आता वाचक भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे. घरचे मांजर आले कोठून? २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यासाठी निरनिराळ्या देशांतल्या ९७९ रानटी व पाळीव मांजरांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करण्यात आली होती. निष्कर्ष असा निघाला, की जगातल्या पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशियातल्या रानटी मांजरात आहे. तेथे माणसाने धान्य पेरले, कोठारे भरली. कोठारांमागून उंदीर आले, आणि उंदरांमागून मांजर. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडल्याचे २००४ साली जाहीर झाले. त्या बेटावर मुळात मांजरे नव्हती. म्हणजे कोणीतरी ते नावेतून आपल्याबरोबर नेले होते. आपले कच्छचे रणमांजर त्या पूर्वजाचे सख्खे भावंड म्हणावे इतके जवळचे आहे. तेव्हा रणमांजर ही मनीची आई नव्हे, मावशी खरी.

या मावशीचे दुखणे आता सांगते. पूर्वी तिच्या ठिपक्यांच्या कातड्याला परदेशी बाजारात मागणी होती. १९७९ साली व्यापाऱ्यांनी जाहीर केलेल्या साठ्यात रणमांजराची चाळीस हजारांहून अधिक कातडी होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, तिचे नाव आहे. निर्यात बंद झाली आणि तो उघड व्यापार थांबला. मात्र बंदुकीला नि सापळ्याला आवरणारा कायदा दोन मुकाट शत्रूंना आवरू शकत नाही.

पहिला शत्रू 'ओसाड' हा शब्द. शेती नाही, झाडी नाही, म्हणजे जमीन रिकामी, असे आपण धरून चालतो आणि रिकाम्या जागेत काहीतरी घालण्याची आपल्याला घाई असते. बन्नीच्या गवताळ प्रदेशात रणाचा फैलाव रोखण्यासाठी १९६१ च्या सुमारास परदेशी बाभूळ लावली गेली. ती अशी माजली, की लोकांनीच तिला 'गांडो बावळ', म्हणजे वेडी बाभूळ, असे नाव दिले. मालधाऱ्यांच्या म्हशींचे गवत तिने गिळले, आणि गवतावर जगणारे उंदीर-पाखरे यांची वस्तीही आक्रसली. अलीकडे, डिसेंबर २०२० मध्ये, कच्छमध्ये खावड्याजवळ सूर्याच्या आणि वाऱ्याच्या विजेच्या प्रचंड प्रकल्पाची पायाभरणी झाली. अशी वीज आपल्याला हवीच आहे. माझ्या डोक्यावरचा पंखाही विजेवरच फिरतो. म्हणणे इतकेच, की आराखडा काढणाऱ्याने कागदावर 'पडीक' लिहिण्यापूर्वी एक रात्र तेथे काढावी आणि पहाटे मातीवर उमटलेली पावले मोजावीत.

दुसरा शत्रू आपल्या घरातला आहे, आणि त्याच्याविषयी लिहिताना माझी लेखणी अडखळते. रणमांजर आणि घरचे मांजर इतके जवळचे, की त्यांचा संकर होतो आणि त्या संकराची संततीही प्रजननक्षम असते. गावकुसाबाहेर मोकाट झालेली मांजरे रणात शिरतात, उंदरांत वाटा मागतात, आपले रोग तेथे नेतात आणि रणमांजराशी जोडा जमवतात. दिसायला काहीच बिघडत नाही. झुडपाखाली मांजर असतेच. पण पिढ्यान् पिढ्या गेल्यावर त्यातले रणमांजर उरत नाही. स्कॉटलंडमध्ये हेच झाले. तेथील रानटी मांजरांचा पाळीव मांजरांशी इतका संकर झाला, की २०१९ साली तज्ज्ञांनी निर्वाळा दिला, ही जात आता आपल्या बळावर तग धरण्याजोगी उरलेली नाही. मग बंदिवासात पैदास करून २०२३ साली काही मांजरे पुन्हा रानात सोडावी लागली. एवढा खटाटोप करण्याची पाळी आपल्यावर का यावी?

लेखणी का अडखळते, तेही सांगितले पाहिजे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात मनी नावाची मांजर होती आणि वर्षातून दोनदा तिच्या पिलांनी माळा भरून जाई. मांजर मारणे महापाप. ते घडले तर सोन्याचे मांजर करून काशीस जावे लागते, असे आजी म्हणे. सोन्याचे मांजर आमच्या ऐपतीबाहेरचे. म्हणून पापातून सुटण्याचा स्वस्त मार्ग घरात ठरलेला होता. धाकटे काका पिलांना पोत्यात घालीत, पोते सायकलला बांधीत आणि विश्वामित्री ओलांडून अकोट्याच्या शेतांत सोडून येत. त्या वेळी तिकडे शेतेच होती. एकदा वैतागून त्यांनी मनीलाच सोडले; तिसऱ्या रात्री ती चिखलाने माखलेले पाय घेऊन परत आली आणि आजीच्या पांघरुणात शिरली. आम्ही मुलांनी टाळ्या पिटल्या. पिले मात्र एकही परत आले नाही. "देवाच्या भरवशावर सोडली," असे मोठी माणसे म्हणत आणि आम्हाला ते पटत असे. त्यांतली किती कुत्र्यांच्या तोंडी गेली आणि किती जगून मोकाट झाली, हा विचार आमच्या घरात कोणी केला नाही. मीही केला नाही.

तो विचार दसाड्यास, त्या संध्याकाळी सुरू झाला. चहासाठी थांबलो होतो तेथे टपरीमागे पट्ट्यापट्ट्यांची दोन-तीन मांजरे फिरत होती. जीपवाला तरुण हसत म्हणाला, की ही गावची नव्हेत. मोटारीतले लोक हमरस्त्यावर पोते रिकामे करून जातात, मग ही पोटासाठी रणाकडे वळतात. माझ्या डोळ्यांपुढे काकांची सायकल उभी राहिली.

गेल्या चैत्रात आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एका मांजरीने तीन पिले घातली. बैठकीत एका गृहस्थांनी सुचविले, "रविवारी गाडीतून हालोलच्या बाजूस सोडून येतो." पूर्वी मी मान डोलावली असती. या वेळी मी उभी राहिले आणि रणातली ती संध्याकाळ सांगितली. थोडा वाद झाला, "एवढ्याशा मांजरासाठी?" असेही कोणी म्हणाले. शेवटी ठरले ते असे : पिले दोन महिन्यांची होईपर्यंत आईजवळ ठेवली. दोघांना घरे मिळाली, एक वारशियाच्या वहिनींकडे गेले आणि दुसरे आमच्याच मजल्यावर. आईची आणि उरलेल्या पिलाची पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करवून घेतली. खर्च आठ बिऱ्हाडांत वाटून घेतला. एका सिनेमाच्या तिकिटांहून तो जड गेला नाही. पिलाची शस्त्रक्रिया पाचव्या-सहाव्या महिन्यात करावी, म्हणजे पुढची वीण होतच नाही. सोडून येण्याचा प्रसंगच मग उद्भवत नाही.

जिन्याखालचे ते तिसरे पिलू आता आमच्याकडेच असते. अंगावर पट्टे आहेत, ठिपके नाहीत. पण गालांवर त्या दोन गडद रेषा आहेत. वाटीतले पाणी ते शिवत नाही, म्हणून त्याच्या भातात मी दोन चमचे पाणी जास्त घालते.

भूज, गांधीधाम, जामनगर येथील आपल्या मराठी कुटुंबांना एक विनंती. रणाच्या किंवा गवताळ माळांच्या कडेस राहणाऱ्यांनी संध्याकाळी फिरायला जाताना झुडपांच्या मुळाशी जरा पाहावे. ठिपक्यांचे, काळ्या टोकाच्या शेपटीचे मांजर दिसले, तर दिवस, वेळ आणि ठिकाण लिहून या सदराकडे पाठवावे. जवळ जाऊ नये, खायला घालू नये, आणि पिले दिसली तर 'अनाथ' समजून घरी आणू नयेत, त्यांची आई जवळपासच असते. आलेली पत्रे एकत्र करून पुढे येथेच छापू.

पुढील महिन्यात सुरसागराच्या काठावरील वटवाघळांकडे वळू.